कोपराच्या खाली

तिला वर्गात सगळे फुलबाही म्हणायचे. हे नाव ठेवलं वर्गातल्याच एका वात्रट मुलानं. डेंटल कॉलेजचं पहिलं वर्ष होतं, उन्हाळा मी म्हणत होता, हॉलमधले पंखे बंद पडले होते आणि अख्खा वर्ग वह्यांनी वारा घेत होता. ही मात्र मनगटापर्यंत बटणं लावून ताठ बसलेली.

"अगं ए फुलबाही, तुला घाम येतो की नाही?" तो मागच्या बाकावरून ओरडला.

"येतो ना. पण मी त्याची दवंडी पिटत नाही," ती मागे न बघता म्हणाली.

वर्ग खदखदून हसला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. त्या नावामुळे तिच्या बाह्यांची सगळ्यांना सवय होऊन गेली होती, आणि बाहीच्या आत काय आहे हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं.

आत भाजलेले हात होते.

ती नुकती चालायला लागली होती तेव्हाची गोष्ट. आई घरीच शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत स्वयंपाक. त्या दिवशी कुणाचे तरी तातडीचे कपडे द्यायचे होते. आईनं चहाचं पाणी उकळलं, किटली उतरवून खाली ठेवली आणि एवढी एक शिलाई मारून येते म्हणून पुढे गेली. शिलाई संपायच्या आत मागून किंकाळी आली. पोरीनं किटली दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतली होती. चेहरा वाचला, बोटं वाचली, पण मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात सोलवटून निघाले. बघायला आलेले लोक म्हणाले, थोडक्यात निभावलं. आईनं मान डोलावली, पण तिला ते कधी थोडक्यात वाटलं नाही.

जखमा भरल्या. कातडी मात्र ताणलेली आणि चकचकीत राहिली, कुठे गुलाबी, कुठे काळपट, आणि उजव्या हातावर पिळलेल्या सुतळीसारखे उंचवटे. रोज संध्याकाळी आई दार लावून तिच्या हातांना तेल चोळायची, आणि दिवसा त्यांच्यासाठी बाह्या शिवायची. फ्रॉकला बाही, झबल्याला बाही, नाटकातल्या परीच्या ड्रेसलासुद्धा बाही. शाळेचा गणवेश अर्ध्या बाहीचा होता, तर आई जाऊन मुख्याध्यापिकांना सांगून आली, मुलीला ऊन सोसत नाही. तेव्हापासून ती ऊन न सोसणारी मुलगी झाली. नातेवाइकांत, शेजारात, शाळेत, सगळीकडे. घरात त्या दिवसाबद्दल कुणी बोलत नसे. वडील तर किटली हा शब्दही टाळत. घरात नंतर पातेल्यातच चहा व्हायचा.

बारावीनंतर डेंटलला जायचं ठरलं तेव्हा आईनं एकच प्रश्न विचारला होता, "डॉक्टरांचा कोट फुलबाहीचाच असतो ना गं?"

असायचा. पहिली दोन वर्षं तसाच होता. पांढरा, लांब, मनगटापर्यंत. प्लास्टरचे साचे, मेणाचे दात, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा, सगळं त्या कोटात निभावलं. मग दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि क्लिनिकच्या दाराशेजारी तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी नोटीस लागली. कोटाऐवजी गडद निळे स्क्रब, म्हणजे सैल सदरा आणि पायजमा. केस टोपीत. नखं कापलेली, रंग नको. दाढी मास्कच्या कडेबाहेर येता कामा नये. बूट बंद. अंगठी, घड्याळ, कडं, दोरा, काही नको. बाही कोपराच्या वर. कोपराच्या खाली हात पूर्ण उघडे.

नोटिशीपुढे गर्दी झाली. मुली नखांवरून हळहळल्या. वात्रट मुलाला त्याची नवी दाढी जीव की प्राण, तो म्हणाला, "मास्कलाच थोडं मोठं करा ना, गरीब बिचाऱ्या दाढीनं काय पाप केलंय?" सगळे हसले. ती पण हसली. मग शेवटची ओळ पुन्हा वाचली. वाईट याचं की नियम तिला पटत होता. ड्रिल सुरू झालं की पेशंटची थुंकी, रक्त, दाताचा भुगा, सगळं उडून बाहीवर बसतं. हात प्रत्येक पेशंटनंतर धुता येतो, बाही येत नाही. परीक्षेत तिनं हे उत्तर स्वतः लिहिलं होतं आणि मार्कही चांगले मिळाले होते.

"कोपराच्या वर म्हणजे किती वर?" आईनं विचारलं. गळ्यात टेप होतीच.

"वर म्हणजे वर, आई. खाली काहीच नको."

आईनं टेप काढून हातात घेतली. मग म्हणाली, "रंग तोच, कापड तेच. मी खालची बाही अशी जोडते की कळणारसुद्धा नाही."

आणि खरंच कळत नव्हतं. मनगटाशी घट्ट पट्टी, एक सुरकुती नाही. ती स्क्रब घालून तयार झाली तेव्हा आई दोन पावलं मागे सरकून बघत राहिली.

क्लिनिकच्या दाराशी टाचणी मॅडम उभ्या होत्या. विभागप्रमुख. चणीनं एवढ्याशा, बोलणं टोकदार, म्हणून टाचणी. रोज सकाळी त्या दारात उभ्या राहून एकेकाला आत सोडायच्या. "नख." "घड्याळ काढ." "केस आत." वात्रट मुलाची दाढी अर्धी झाली होती, तरी त्या म्हणाल्या, "उरलेली पण घालवून ये, मग बोलू." रांग पुढे सरकत होती. तिची पाळी आली.

"बाही," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, स्क्रबचीच आहे. त्याच कापडाची."

"कापड छान आहे. शिलाई तर फारच छान आहे. पण कोपराच्या खाली नको."

"मॅडम, मला..."

"काय तुला?"

"ऊन सोसत नाही." वर्षानुवर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. क्लिनिकला दोन्ही बाजूंना आंधळ्या काचा होत्या, उन्हाची तिरीपसुद्धा आत येत नव्हती. मॅडम हसल्या नाहीत. "इथे ऊन येत नाही," त्या म्हणाल्या. "बदलून ये." आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

ती जिन्यात जाऊन बसली. तिची मैत्रीण उंचाडी, जी रांगेत सगळ्यांच्या डोक्यावरून दिसायची, मधल्या सुट्टीत धावत आली. "अगं, कशाला हट्ट करतेस? एक बाही ती काय!" उंचाडीला काहीच ठाऊक नव्हतं. दोन वर्षं शेजारी बसून, एका डब्यात जेवून तिला ठाऊक नव्हतं. फुलबाही म्हणाली, "बघते," आणि विषय बदलला.

पुढच्या वेळी ती दोन्ही हातांना क्रेप बँडेज गुंडाळून गेली. जिन्यावरून पडले, हात मुरगळले, असं सांगितलं. मॅडमनी बँडेजकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "दोन्ही?"

"हो मॅडम."

"मुरगळलेल्या हातांनी कुणाच्या तोंडात हत्यार घालणार आहेस? बरी हो, मग ये. आणि बँडेज म्हणजे पण कापडच."

त्यानंतर ती कधी डोकेदुखी सांगे, कधी येतच नसे. वर्गात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, घरचे फार कर्मठ असतील. कुणी म्हणे, स्वतःला फार समजते. इतरांनी पहिल्या पेशंटचे दात साफ केले, पहिलं फिलिंग भरलं, चूळ भरताना पेशंटनं आपल्याच अंगावर कसं थुंकलं याचे किस्से सांगितले. ती ऐकत राहायची. मग ऑफिसातून बोलावणं आलं. क्लिनिकमधली हजेरी अशीच राहिली तर वर्ष पुन्हा करावं लागेल, असं तिला सरळ सांगण्यात आलं. तिनं ते घरी सांगितलं आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं.

दोन दिवसांनी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "बस," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता, आणि त्या मऊ आवाजानंच तिला काय ते कळलं.

"तुझी आई येऊन गेली. मला आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

तिनं मनगटावरची पट्टी खाली ओढली.

"हात दाखवशील?"

"नको मॅडम."

मॅडमनी पुढे ताणलं नाही. टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ केली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. बाही राहू दे. वरून प्लास्टिकची कव्हर्स घालायची, प्रत्येक पेशंटला नवीन जोड. हे मी माझ्या जबाबदारीवर करते आहे. वर विचारलं तर नाहीच म्हणतील."

तिनं आभार मानले आणि बाहेर पडली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट घरी पोचेपर्यंत अंगाचा तिळपापड झाला होता.

"तू कॉलेजात कशाला गेलीस?"

आई मशीनवर होती. पाय थांबवले नाहीत. "मग काय करू? वर्ष जाऊ देऊ तुझं?"

"मी सांगितलं असतं माझं मी."

"काय सांगितलं असतंस? ऊन सोसत नाही?"

ते बरोबर वर्मी लागलं. "ते मला कुणी शिकवलं?" ती ओरडली. "मी मागितल्या होत्या या बाह्या? मला आठवत पण नाही गं तो दिवस! आई, खरं सांग, इतकी वर्षं तू काय झाकत होतीस? माझे हात, की तुझी किटली?"

मशीन थांबलं. आईनं सुईतला दोरा ओढून काढला, टोक ओठांत ओलं केलं आणि पुन्हा ओवायला घेतला. दोरा काही केल्या नेढ्यातून जाईना. मुलगी दारात उभी राहून बघत होती. पुढे होऊन ओवून द्यावा असं वाटलं, पण पाय हलले नाहीत.

त्यानंतर घरात बोलणं उरलं ते जेवलीस का, येते, एवढंच.

क्लिनिकमध्ये मात्र ती रुळली. हात तिचा हलका होता, पेशंट तिच्यावर खूश असायचे. प्लास्टिकची कव्हर्स धिप्पाड माणसांच्या दंडांच्या मापाची. तिच्या हातावर ती सैल पडायची, सारखी घसरायची, आणि ती मनगटाशी इलॅस्टिक ग्लोव्हजच्या आत खोचत राहायची. आत घामाच्या धारा लागायच्या. हललं की चुरचुर आवाज व्हायचा. एका बाईंनी विचारलंसुद्धा, "एवढं पॅकिंग कशाला गं? नवीन आणलंय का तुला?" ती हसली, आणि कव्हर पुन्हा खोचलं. टाचणी मॅडम रोज सकाळी इतरांची घड्याळं उतरवून घेत आणि तिच्या वेळी दुसरीकडे बघत. ते दुसरीकडे बघणं तिला टोचायचं.

एके दिवशी तिच्या खुर्चीवर ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आले. पिकलेल्या मिशा, खणखणीत आवाज, खालची दाढ किडलेली. आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून काढल्यामुळे ते खुर्चीतही शिकवायच्या बेतानंच बसले.

"घाई नको, बाळ. आधी आरसा बघायचा, मगच वळायचं."

"आरसा हातातच आहे, काका," तिनं दात बघायचा छोटा आरसा दाखवला. मास्तर खूश झाले. "मग काही भीती नाही. चल, गिअर टाक."

तिनं भूल दिली. हळूहळू, शिकवलं होतं तसं. मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, पण हूं की चूं केलं नाही. "झालं काका," ती म्हणाली आणि सुई बाहेर काढली. उजव्या हातात सिरिंज, डावा हात मास्तरांच्या गालावरून मागे घ्यायचा, मग ट्रेमध्ये पडलेल्या टोपणात एका हातानं सुई सरकवायची. डाव्या हाताचं कव्हर ग्लोव्हजमधून निसटून लोंबत होतं, ते तिला दिसलं नाही. हात मागे घेताना लोंबणारी कड सुईत अडकली. काहीतरी ओढलं गेल्यासारखं वाटलं आणि तिनं हात झटकला.

दुखलं नाही. भाजलेल्या कातडीला टोचलेलं धड कळतच नाही. तिनं खाली पाहिलं. प्लास्टिकला बारीक भोक होतं, आणि त्याच्या खाली निळ्या कापडावर एक गडद ठिपका पसरत होता.

कुणी पाहिलं नव्हतं. मदतीला उभी असलेली उंचाडी कापसाचे बोळे काढत होती. मास्तर डोळे मिटून भूल चढायची वाट बघत होते. कव्हर काढून टाकायचं, दुसरं घालायचं, संपलं. नाहीतर बाही वर करावी लागणार, इथे, या सगळ्यांपुढे. तो क्षण किती लांबला ते तिलाच ठाऊक. एकीकडे एवढे सगळे डोळे, आणि एकीकडे सुईवर असलेलं दुसऱ्या माणसाचं रक्त.

"मॅडम!" ती ओरडली. आवाज फाटला होता. "मॅडम, सुई लागली मला."

क्लिनिकमधली ड्रिल्स एकेक करून थांबली. मॅडम कुठून आल्या कळलं नाही. त्यांनी तिला दंडाला धरून बेसिनकडे नेलं, ग्लोव्हज उतरवले, प्लास्टिक ओढून काढलं. "बाही वर कर."

बाही वर जाईना. आईनं पट्टी इतकी घट्ट शिवली होती की मनगटावरून हलायला तयार नाही. मॅडमनी कात्री मागितली. एका दमात पट्टीपासून कोपरापर्यंत कापड कापलं आणि तिचा हात नळाखाली धरला.

"साबण लाव. दाबू नकोस. पाणी वाहू दे."

पाणी वाहत होतं. बेसिनवर पांढरा दिवा होता आणि त्या दिव्याखाली तिचा हात होता तसा उघडा पडला होता. सगळे उभे होते. वात्रट मुलानं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. उंचाडीच्या हातातले बोळे तसेच राहिले. मॅडम तिचा हात सोडत नव्हत्या.

"मी परवानगी द्यायलाच नको होती," मॅडम पुटपुटल्या. पाण्याच्या आवाजात ते फक्त तिलाच ऐकू गेलं.

सुईवाटे एखादा रोग लागला नाही ना हे कळायला आता मास्तरांच्या रक्ताची तपासणी करायला हवी होती. क्लिनिकमधल्या एका शिकाऊ डॉक्टरनं जाऊन विचारलं आणि मास्तर भडकले. अर्धा ओठ बधिर झालेला, शब्द वाकडेतिकडे पडत होते, पण राग सरळ होता. "मला रोग आहे असं म्हणायचंय तुम्हाला? या वयात मला हे ऐकवता?" अॅप्रन गळ्यातून ओढून काढून ते बाहेर कॉरिडॉरमध्ये चालू लागले. त्यांच्या संमतीशिवाय रक्त घेता येत नव्हतं. शिकाऊ डॉक्टर हात चोळत परत आला.

"मी बोलते," ती म्हणाली.

"तू बस," मॅडम म्हणाल्या, पण तोवर ती दाराबाहेर गेली होती. कापलेली बाही कोपरापासून लोंबत होती.

"काका, थांबा ना."

मास्तर वळले. काहीतरी कडक बोलणार होते, तेवढ्यात त्यांची नजर तिच्या हातावर गेली आणि चेहराच उतरला. "हे... हे सगळं त्या सुईनं झालं?"

इतक्या ताणातही तिला हसू फुटलं, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी. "नाही हो काका. हे जुनं आहे. लहान असताना अंगावर उकळतं पाणी ओढून घेतलं होतं मी."

तिनं हे वाक्य जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं होतं. एका अनोळखी माणसाला, कॉरिडॉरमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. सांगून झालं आणि छत काही कोसळलं नाही.

"तुम्हाला रोग आहे असं कुणी म्हणत नाहीये," ती म्हणाली. "चूक माझी आहे. तुम्हाला लागलेली सुई मला लागली. माझ्या जागी कुणीही असतं आणि तुमच्या जागी कुणीही असतं, तरी हेच विचारलं असतं. तुम्ही नाही म्हणालात तर माझं काही म्हणणं नाही. फक्त मग मला महिनाभर गोळ्या खाव्या लागतील, आणि रोज वाटत राहील की काय झालं असेल."

मास्तर बाकावर बसले. बधिर ओठ चाचपला. "आमच्या गाडीत मास्तरच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो," ते म्हणाले. "शिकणारा चुकला की आम्ही दाबतो. तुमच्यात तसं काही नसतं का?"

"असतं काका. मीच तो लावू दिला नाही."

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. "चल. कुठे द्यायचं रक्त? आणि ही दाढ अर्धवट सोडायची नाही, सांगून ठेवतो."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. तोवर सावधगिरी म्हणून गोळी दिली गेली, तिच्यामुळे मळमळायला लागलं. घरी पोचली तेव्हा आईनं आधी बाही पाहिली.

"कुणी कापली?"

"मॅडमनी."

मग तिनं सगळं सांगितलं. आई मशीनच्या स्टुलावर बसली होती, ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढरा पडत गेला. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "माझ्या बाहीमुळे?"

प्लास्टिकमुळे, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. तिनं तोंडही उघडलं तसं म्हणायला. "प्लास्टिकमुळे," ती म्हणाली, आणि मग, "बाहीमुळे पण, आई."

आईनं पदरानं तोंड पुसलं. उठून आत गेली, लिंबू कापून मिठाबरोबर आणून दिलं. "मळमळतंय ना? चोख हे," म्हणाली आणि तिच्या शेजारी बसून राहिली. वडील आले, त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि न विचारताच दिवा लावला.

दुसरा दिवस सरता सरेना. वर्गात तिला काही ऐकू येत नव्हतं. दुपारी मॅडम स्वतः हॉलच्या दाराशी आल्या, आत न येता तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. निर्धोक. सगळ्या तपासण्या निर्धोक. पुढे आणखी एकदा खात्री करायची होती, पण जिवाला घोर लागावा असं काही उरलं नव्हतं. उंचाडीनं बाकाखाली तिचा हात धरला, तो थेट भाजलेल्या जागी. तिनं काढून घेतला नाही.

त्याच दुपारी ती उंचाडीचा जादा स्क्रब घालून क्लिनिकच्या दाराशी गेली. तो तिला ढगळ होत होता, अर्धी बाही कोपराच्या जेमतेम वर राहिली होती. मॅडमनी नजरेनंच माप घेतलं.

"कोपराच्या वर आहे," त्या म्हणाल्या. "जा आत."

सोपं मुळीच नव्हतं. पहिले कित्येक दिवस तिला वाटायचं, आपण कपड्यांशिवायच उभ्या आहोत. एका बाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि हळूच दुसऱ्या विद्यार्थ्याला विचारलं, हे लागण होण्यासारखं नाही ना? त्या दिवशी ती बाथरूममध्ये जाऊन रडली, हात धुतले, आणि पुढचा पेशंट घेतला. कुणी विचारलं तर सांगायची, उकळतं पाणी. एवढंच. बहुतेकांना एवढं पुरायचं. कुणी कुणी स्वतःच्याच अंगावरचा कुठला तरी व्रण दाखवून त्याची गोष्ट सांगत बसायचे, आणि त्यांच्या तोंडात हत्यार घालायला तिला थांबावं लागायचं. मास्तरांची दाढ तिनंच पुरी केली. मॅडम पुढे तिच्याशी इतरांइतक्याच टोकदारपणे बोलू लागल्या, आणि तिला त्याचा आनंद झाला.

आईनं तिचे स्क्रब पुन्हा कधी शिवले नाहीत. ते विकतचे आणले. त्या विषयावर आई परत एक शब्द बोलली नाही. पण तिच्यासाठी नवा कपडा बेतायला घेतला की बाहीपाशी थांबून विचारायची, "किती ठेवू?" कधी ती अर्धी सांगे, कधी पुरी. जे सांगेल ते आई शिवायची.

ती पास झाली, एका वस्तीतल्या दवाखान्यात कामाला लागली. काही वर्षांनी आईची दाढ दुखायला लागली. आईनं आठवडाभर लवंग धरून काढला, मग गाल सुजला तेव्हा मुकाट्यानं दवाखान्यात आली आणि लेकीच्या खुर्चीवर जाऊन आडवी झाली.

खुर्ची मागे गेली, वरचा दिवा लागला. त्या खुर्चीत पडलेल्या माणसाला बघायला दुसरं काही नसतं. वर दिवा असतो, आणि तोंडावर वाकलेले डॉक्टरचे हात. आईनं एकदा डोळे मिटून पाहिले, मग उघडले. लेक कीड कोरत होती आणि आई तोंड उघडं ठेवून तिच्या उजव्या हाताकडे बघत होती, मनगटापासून कोपरापर्यंत, न हलता. मध्येच तिनं काहीतरी म्हटलं, पण तोंडात कापूस असल्यामुळे नुसता घोगरा आवाज निघाला.

"काय गं? दुखतंय?"

आईनं नाही म्हणून मान हलवली. उठून चूळ भरली, ओठ पुसले. "हा उजव्या हातावरचा व्रण," ती म्हणाली, "वाढलाय का गं?"

"नाही आई. आहे तेवढाच आहे."

"मला मोठा दिसला."

"दिवा आहे ना वर. जवळून बघतेयस."

आई पुन्हा आडवी झाली. म्हणाली, "तेल लावतेस का अजून?"

"राहून जातं कधी कधी."

"राहून कसं जातं?" आईच्या आवाजात जरा धार आली. "ये संध्याकाळी घरी."

"येते. आता आ कर."

आईनं आ केला.